पेल्यावरचें चित्र आणि त्याखालचा लेप



पेल्यावर छापलेल्या चित्रासारख्या क्षुल्लक विषयावर एका निवृत्त शाळामास्तरानें आपला वेळ घ्यावा, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु आज अमरावतीस किंवा अकोल्यास असें घर विरळाच, कीं ज्याच्या फळीवर कोणाचें तरी नांव, छायाचित्र किंवा शाळेचें बोधचिन्ह छापलेला एकादा पांढरा पेला नाहीं. वाढदिवस, सेवानिवृत्ति, स्नेहसंमेलन, नव्या दुकानाचा मुहूर्त, अशा प्रसंगीं पूर्वीं स्टीलचा डबा किंवा भिंतीवरचें घड्याळ मिळे. आतां पेला मिळतो. इंग्रजींत त्याला 'मग' म्हणतात आणि बाजारांतही तोच शब्द चालतो. पण आपल्या भाषेंत 'मग' हें एक फार कामाचें अव्यय आहे, आणि नभोवाणीवर मी 'मग मगावर' असें बोलूं लागलों तर ऐकणारांची त्रेधा उडेल. म्हणून मी आपला पेलाच म्हणेन. त्याला कान आहे, एवढें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां प्रश्न असा कीं, एकाच किंमतीचे, दिसावयास सारखे असे दोन पेले घरांत येतात. त्यांपैकीं एकावरचें चित्र वर्षानुवर्षें टिकतें आणि दुसऱ्यावरचें दिवाळीपासून होळीपर्यंतही तग धरीत नाहीं. लोक छापणाऱ्याच्या शाईस दोष देतात. माझ्या समजुतीप्रमाणें बहुतेक वेळीं दोष शाईंत नसून चित्र आणि पेला यांच्यामध्यें असलेल्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या एका लेपांत असतो. मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाहीं. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन मुलांना शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. परंतु हा विषय समजण्यास त्याहून अधिक विद्येची गरज पडत नाहीं.

लेप म्हटला कीं आपल्यापैकीं वडीलधाऱ्यांस प्रथम आठवते ती कल्हई. पितळेच्या पातेल्यांत ताक किंवा चिंचेचें सार ठेवलें तर तें कळकतें. म्हणून कल्हईवाला भांडें तापवी, नवसागराची चिमूट टाकून पृष्ठभाग स्वच्छ करी आणि कथलाचा कण कापसाच्या बोळ्यानें सर्वत्र पसरी. कथील २३२ अंश सेंटिग्रेडला वितळतें, त्यामुळें हें काम रस्त्याच्या कडेस मांडलेल्या कोळशाच्या भट्टीवर सहज होई. नवसागर टाकतांच जो पांढरा धूर उठे, तो ज्यांनीं पाहिला असेल त्यांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे. त्याच भांड्यावर बाहेरून नांव घातलेलें असे. नांव घालणारा लहानशा छिन्नीनें ठोके देत ठिपक्याठिपक्यांनीं अक्षरें उमटवी. आंतील कल्हई पुन्हां पुन्हां करावी लागे. बाहेरचें नांव मात्र आजीपासून नातीपर्यंत पोंचे. कारण उघड आहे. कल्हई धातूवर बसलेली होती आणि नांव हा धातूचाच पडलेला आकार होता.

चिनी मातीच्या पेल्याची गोष्ट याहून निराळी आहे. साधें मातीचें भांडें सच्छिद्र असतें. म्हणून तर माठांतलें पाणी पाझरून गार होतें. आपल्या अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेल्या ज्या सत्पुरुषाचें नांवच हातांतील गाडग्यावरून पडलें, त्यांचें तें गाडगें अशाच बिनझिलईच्या मातीचें. अशा भांड्यावर गेरूनें काढलेली रेघ मातीच्या छिद्रांत शिरून बसते. पेल्यावर मात्र कांचेची झिलई असते. वाळू, फेल्डस्पार वगैरेंचें मिश्रण हजार-बाराशें अंशांच्या भट्टींत वितळून त्याचा एक अखंड पापुद्रा बनतो. पाणी त्यांत शिरत नाहीं, चहाचा डाग सहसा धरत नाहीं, आणि शाईही शिरत नाहीं. पेला वापरण्यास उत्तम होतो तो ज्या गुणानें, त्याच गुणानें तो छापण्यास निकामी होतो.

युरोपांतील कारागिरांनीं ही अडचण आगीनेंच सोडविली. लिव्हरपूल येथील जॉन सॅडलर व गाय ग्रीन या दोघांनीं २७ जुलै १७५६ रोजीं सहा तासांत बाराशेंहून अधिक फरशा छापून काढल्या आणि त्याविषयीं शपथपत्रही केलें. हातानें चित्र काढणाऱ्या कुशल माणसास त्याच वेळांत किती फरशा झाल्या असत्या, याचा श्रोत्यांनींच विचार करावा. आजही चांगल्या कारखान्यांत धातूंच्या भस्मांचे रंग, जसा कोबाल्टचा निळा, कांचेच्या पुडींत मिसळून कागदावर छापतात, तें चित्र पेल्यावर उतरवितात आणि पेला पुन्हां साडेसातशें-आठशें अंशांच्या भट्टींत घालतात. रंग झिलईंत वितळून तिचाच भाग होतो. आपल्या घरोघरीं असलेले निळ्या कांठाचे एनॅमलचे पेले हेही याच जातीचे. तेथें पोलादी पत्र्यावर कांच वितळविलेली असते.

एनॅमलच्या पेल्याची एक शोचनीय हकीकत इतिहासांत आहे. रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या राज्याभिषेकानिमित्त मे १८९६ मध्यें मॉस्कोजवळील खोदिंका नांवाच्या मैदानावर प्रजेस भेटी वांटावयाच्या होत्या, आणि त्यांत राजमुद्रा व साल छापलेला एक एनॅमलचा पेला होता. पेले पुरणार नाहींत अशी भुमका उठली, लोकांचा लोंढा पुढें घुसला, आणि सरकारी आंकड्याप्रमाणें १,३८९ माणसें चेंगरून मेलीं. ते पेले आज पदार्थसंग्रहालयांत आहेत. सव्वाशें वर्षें उलटलीं, राजवंश नाहींसा झाला, तरी त्यांवरील मुद्रा आणि साल स्पष्ट वाचतां येतें.

मात्र एकच पेला, त्यावर एकाच मुलाचें नांव, आणि तोही संध्याकाळपर्यंत हवा, असें म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासाठीं आठशें अंशांची भट्टी कोण पेटविणार? येथें तो नवसागराचा धूर आठवावा. नवसागर किंवा कापूर तापविला असतां तो पाण्यासारखा पातळ न होतां एकदम वायुरूप होतो, यास शाळेंत संप्लवन म्हणून शिकवितात. कांहीं रंगही असेच वागतात. १९२० नंतरच्या दशकांत कृत्रिम रेशमासाठीं म्हणून जे नवे रंग निघाले, त्यांत हा गुण होता. पुढें १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड व डिक्सन यांनीं पॉलिएस्टरचा धागा बनविला, आणि या रंगांची त्याच्याशीं विशेष मैत्री असल्याचें दिसून आलें. १९५७ च्या सुमारास फ्रान्समधील रूबे येथील एका कापडगिरणींत काम करणाऱ्या नोएल द प्लास या संशोधकानें कागदावर रंग छापून तो नुसत्या उष्णतेनें कापडावर चढविण्याची युक्ति काढली. कापडासाठीं निघालेली ती युक्ति आज आपल्या चौकांतील दुकानांत पेल्यांसाठीं वापरली जाते.

रीत अशी. चित्र आरशांतल्यासारखें उलटें कागदावर छापतात, कागद पेल्याभोंवतीं घट्ट गुंडाळतात आणि विजेवर तापणाऱ्या पट्ट्यांत पेला आवळून १८० ते २०० अंशांवर दोन-चार मिनिटें ठेवतात. तेवढ्यांत रंग वायुरूप होतो आणि पॉलिएस्टरांत शिरतो. उष्णतेनें पॉलिएस्टरचे लांबलचक रेणू सैल झालेले असतात; थंड होतांच ते पुन्हां आवळले जातात आणि रंग आंत कोंडला जातो. यात्रेच्या गर्दींत क्षणभर वाट फांकावी, माणूस आंत शिरावा आणि गर्दी पुन्हां मिटावी, तसेंच हें आहे. पण ही सारी करामत पॉलिएस्टरांत. कांचेच्या झिलईंत तशी गर्दी नाहीं आणि वाटही नाहीं. बाजारांतला साधा कोरा पेला यंत्रांत घातला तर त्यावर चित्राची फिकट छाया बसते आणि ती बोटानें पुसली जाते. म्हणून छपाईच्या पेल्यांवर कारखान्यांतच पॉलिएस्टर-जातीच्या राळेचा पारदर्शक लेप फवारून तो भट्टींत पक्का करतात. आपण ज्याला पेल्यावरचें चित्र म्हणतों तें वस्तुतः पेल्यावर नसतेंच. तें या लेपाच्या आंत असतें, आणि लेप टिकेल तितकेंच तें टिकतें.

या लेपाची परीक्षा सोपी नाहीं, कारण कोरा पेला हातांत घेतला असतां चांगला आणि वाईट लेप सारखाच दिसतो. लेप पातळ असेल तर त्यांत रंगास जागा कमी, आणि चित्र धुवट उठतें. कमीजास्त जाडीचा असेल तर चेहऱ्याचा एक गाल गडद व दुसरा फिकट. भट्टींत कच्चा राहिला असेल तर छापतांना कागदच त्याला चिकटतो. अधिक भाजला गेला तर पांढऱ्या पेल्यास पिवळसर झांक येते. पावसाळ्यांत कागद ओलसर राहिला म्हणजे वाफेचे ठिपके पडतात, त्याचा दोष मात्र लेपाकडे देतां येत नाहीं. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. या रंगांत पांढरा रंग नसतो. चित्रांतील दांत, टोपी, धोतर, जें जें पांढरें दिसतें तें पेल्याचेंच पांढरेपण होय. म्हणून लेप पिवळा पडला तर आजोबांचें धोतरही पिवळें पडतें.

याहून मोठी गोष्ट म्हणजे लेपाची झिलईवरील पकड. गुळगुळीत कांचेवर राळ धरून ठेवणें हें कौशल्याचें काम आहे. दोन वर्षांपूर्वीं अकोल्याच्या एका शाळेंतून पंचवीस वर्षांपूर्वीं बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांचा मेळावा भरला होता. त्यांच्या निरोपसमारंभाचें सामुदायिक छायाचित्र साठ पेल्यांवर छापून प्रत्येकास एक दिला. छायाचित्रांत दुसऱ्या ओळींत उभा असलेला एक मुलगा त्यापूर्वींच वारला होता; त्याचा पेला त्याच्या आईकडे पोंचविण्यांत आला. ती बाई त्यांत रोज सकाळीं चहा घेऊं लागली. तिसऱ्या महिन्यांत लेपाचा पापुद्रा सुटूं लागला, आणि तो नेमका दुसऱ्या ओळीच्या टोंकापासून. त्या मुलांस मीं शिकविलें होतें, म्हणून मी एकदां त्यांच्या घरीं गेलों असतां तो पेला कोरडा, चहाच्या वाळलेल्या वळासकट खिडकींत ठेवलेला दिसला. मीं विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, "गुरुजी, धुतला त जाईन थो."

त्यांनीं कोणाकडेही तक्रार केली नव्हती. मीं मात्र चौकशी केली. साठांपैकीं सुमारें वीस पेल्यांची हीच दशा होती आणि उरलेले चाळीस जसेच्या तसे होते. ज्या तरुणानें ते छापून दिले त्यानें कर्ज काढून यंत्र घेतलें आहे. मुलगा कष्टाळू आहे. चाळीस पेले कारखान्यांतून लेप देऊन आलेले होते. उरलेले वेळेवर आले नाहींत, तेव्हां व्यापाऱ्यानें त्याला साधे पेले आणि फवाऱ्याचा एक डबा दिला व 'याचें काम तेंच' असें सांगितलें. तरुणानें लेप फवारला, वाळविला आणि छापला. छापल्यावर तर हे वीस पेले इतर चाळिसांहून अधिक चकचकीत दिसत होते. हवेंत वाळलेली राळ आणि भट्टींत पक्की झालेली राळ यांत कच्च्या विटेचें व भाजलेल्या विटेचें अंतर असतें, हें सांगावयास त्याला कोणी भेटलें नव्हतें. फवाऱ्याचा लेपही नीट भाजून घेतला तर बरा टिकतो. पण त्यासाठीं झिलई आधीं निर्मळ पुसून घ्यावी लागते, तिच्यावर बोटाचा तेलकटपणासुद्धां राहूं देतां येत नाहीं, आणि भट्टीचें तापमान शेवटपर्यंत सांभाळावें लागतें. डब्यावर हें सारें बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेलें असतें.

त्या तरुणाबरोबर बसून मीं दोन परीक्षा करून पाहिल्या. रंगलेपाच्या धंद्यांत त्या रूढ आहेत आणि घरींही करतां येतात. पहिली पेन्सिलीची. चित्रकलेच्या पेन्सिली मऊपासून कठीणपर्यंत क्रमानें मिळतात. मऊ पेन्सिलीपासून आरंभ करून एकेक पेन्सिल ठराविक कोनांत धरून लेपावर दाबून ओढावी. जी पेन्सिल लेप ओरखडते तिच्या अलीकडची ती त्या लेपाची कठिणता. कारखान्याच्या लेपावर कठीणांतली पेन्सिल लागली; फवाऱ्याच्या लेपावर आपल्या मुलांच्या दप्तरांतली साधी पेन्सिलच रेघ ओढून गेली. दुसरी परीक्षा पकडीची. दाढीच्या पात्यानें लेपावर उभ्याआडव्या बारीक रेघा मारून चौकडी पाडावी, तिच्यावर चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटकन ओढावी. लेपाचे किती चौकोन पट्टीबरोबर येतात तें मोजावें. एका जातीचा एकही आला नाहीं. दुसऱ्या जातीचे जवळजवळ सगळे आले. अशा परीक्षेंत पेला फुकट जातो हें खरें, पण साठांच्या मागणींत एक पेला फुकट घालविणें पुढें एकोणसाठ बदलून देण्यापेक्षां स्वस्त पडतें. तो तरुण आतां प्रत्येक नव्या खोक्यांतील एक पेला असाच खर्ची घालतो.

आतां धुण्याविषयीं, कारण येथें आपला वऱ्हाडचा विषय येतो. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जातो. तेथील विहिरीचें व बोअरचें पाणी क्षारयुक्त असतें. अकोला शहरास काटेपूर्णेचें आणि अमरावतीस ऊर्ध्व वर्धा धरणाचें पाणी मिळतें, तरी उन्हाळ्यांत पुष्कळ घरीं बोअर चालूच असते. असें पाणी पेल्यावर वाळलें कीं पांढरा थर धरतो, आणि गृहिणी किंवा भांडीवाली बाई तो थर काढण्यासाठीं तारेची घासणी किंवा राख घेते. राखेनें दुहेरी नुकसान होतें. एक तर तिच्यांतील खर लेपावर ओरखडे काढते. दुसरें असें कीं राख अल्कधर्मी आहे, आणि पॉलिएस्टर ज्या रासायनिक बंधांनीं बांधलेलें असतें ते अल्काच्या संगतींत हळूहळू तुटतात; तेलाचा साबण होतो तो याच जातीच्या क्रियेनें. भांडीं धुण्याच्या यंत्रांतील पूडही तीव्र अल्कधर्मी असते आणि तेथें पाणीही कढत. म्हणून ज्यांच्या घरीं तें यंत्र आहे त्यांनीं असा पेला त्यांत घालूं नये. क्षारांचा थर आलाच तर लिंबाच्या पाण्यांत घटकाभर ठेवावा आणि मऊ फडक्यानें पुसावा. चहाच्या उष्णतेची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. कढत चहा शंभर अंशांच्या आंतच असतो आणि रंग उडावयास १८० च्या आसपास जावें लागतें. शिवाय लेप बाहेरून असतो, चहा आंतल्या झिलईस लागतो.

उन्हाची गोष्ट मात्र गंभीर आहे. त्या आईस तरुणानें कारखान्याच्या लेपाचा दुसरा पेला छापून दिला, पैसे घेतले नाहींत. त्यांनीं तो वापरण्याऐवजीं फळीवर ठेवला, आणि फळी होती पश्चिमेच्या खिडकीसमोर. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण या रंगांचे रेणू तोडतात, आणि सर्व रंग सारख्या गतीनें उडत नाहींत. कांहीं वर्षांनीं चेहऱ्यावर एकच झांक उरते. लेप कितीही पक्का असला तरी याला त्याचा इलाज अपुराच पडतो. मीं त्यांस फळी बदलावयास सांगितलें; आतां तो पेला कपाटांत आहे, कपाटाचें दार उघडलें कीं दिसतो.

तापल्यावर चित्र दाखविणारे काळे पेले मुलांस फार आवडतात. त्यांत आणखी एक काळा थर असतो. विशिष्ट उष्णतेस त्यांतील काळेपणा नाहींसा होतो आणि चित्र उघडें पडतें. आमच्याकडे मे महिन्यांत पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेव्हां उन्हांत राहिलेला असा पेला चहा न ओततांच आपलें गुपित फोडतो, ही गंमत मीं स्वतः पाहिली आहे. हा थर फार नाजूक. असा पेला हातानें, साध्या पाण्यानेंच धुवावा.

मोठ्या संस्थांनीं, विशेषतः शाळांनीं, शंभर-दोनशें पेले करावयाचे असतील आणि घाई नसेल तर भट्टींत भाजलेल्या रंगांची छपाई मागावी, असें माझें मत आहे. उत्तर प्रदेशांतील खुर्जा हें चिनी मातीच्या धंद्याचें मोठें गांव, आणि विदर्भांतही चंद्रपूर जिल्ह्यांतील भद्रावती मातीकामासाठीं प्रसिद्ध आहे. पुष्कळ पेल्यांस एकच चित्र असेल तर भाजलेल्या छपाईचा खर्च वांटला जातो. मात्र तेथें एक पथ्य आहे. झिलईवर भाजलेल्या कांहीं रंगांत, विशेषतः भडक लाल-पिवळ्यांत, शिसें किंवा कॅडमियम असूं शकतें. म्हणून जेथें ओठ लागतो त्या कांठाखालीं बोटभर जागा कोरी ठेवावयास सांगावें, आणि पेल्याच्या आंतल्या बाजूस नक्षी मागूं नये.

एकट्यादुकट्या पेल्यासाठीं मात्र चौकांतलें दुकानच बरें. तेथें जाऊन किंमतीपूर्वीं एवढेंच विचारावें कीं, लेप कारखान्याचा आहे कीं डब्याचा. आणि चित्र लेपांत उतरविलेलें आहे कीं वर चिकटविलेलें, कारण चिकटविलेल्या चित्रांचे पेलेही हल्लीं निघाले आहेत. नखानें चित्राची कड चांचपली तर कळतें: उतरविलेल्या चित्रास कड लागत नाहीं. पेला घरीं आणल्यावर दुसऱ्या पेल्यांत घालून रचूं नये, कारण वरच्या पेल्याच्या बुडाशीं झिलई नसलेली खरबरीत कडी असते, आणि तीच खालच्या पेल्यावर घासली जाते.